साक्ष आणि प्रार्थना : वऱ्हाडातील ख्रिस्ती परंपरा

साक्ष : येशू ख्रिस्तामुळे आपल्या जगण्यात काय घडले ते बोलण्यातून आणि वागण्यातून दुसऱ्याला कळू देणे, या अर्थाने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ असलेली संज्ञा. उपदेश हे पाळकाचे काम, साक्ष मात्र प्रत्येक विश्वासणाऱ्याने द्यायची असते. शिक्षण, पद, वक्तृत्व यांतले काहीही त्यासाठी लागत नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तुरुंगातून सांगतो की प्रार्थनेत जागे राहा, वचनासाठी दार उघडावे म्हणून विनवणी करा, बाहेरच्या लोकांशी सुज्ञपणे वागा आणि तुमचे बोलणे मिठाने रुचकर केलेले असू द्या. पेत्राचे पहिले पत्र (३:१५) त्यात एक अट घालते. आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे. शेजाऱ्याचे नाव आधी प्रार्थनेत घ्यावे आणि मग त्याच्या दारात जावे, हा क्रम मंडळ्यांत याच शिकवणीतून आला आहे. प्रस्तुत नोंद अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांना धरून आहे. बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम यांचा उल्लेख ओघाने येतो.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. मुंबई–नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि कापसाच्या व्यापाराने अकोला, बडनेरा, खामगाव ही गावे भरभराटीला आली. मिशनरी याच रुळांवरून आले. एलिचपूरला (आजचे अचलपूर) अल्बर्ट नॉर्टन आणि त्यांचे सहकारी १८७० च्या दशकात काम करत होते. अमेरिकेतून आलेल्या जेनी फ्रो याच गटातल्या. पुढे मार्कस फुलर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे काम अकोल्यात रुजले. ए. बी. सिम्प्सन यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या चळवळीतून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था उभी राहिली. तिचे भारतातले प्रमुख क्षेत्र वऱ्हाड ठरले आणि अकोला हे त्याचे केंद्र. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मंडळी, वाशीम–बुलढाण्याकडे पुढे चर्च ऑफ द नाझरीन, मेळघाटाच्या पायथ्याशी कोरकू मिशन अशी वाटणी कालांतराने झाली.

आरंभीच्या या मंडळींपैकी अनेकजण ‘फेथ मिशन’ पद्धतीचे होते. त्यांना ठरलेला पगार नसे. वर्गणीसाठी हात पसरायचा नाही, गरज देवाला सांगायची आणि येईल त्यात भागवायचे, हा त्यांचा नेम. म्हणून येथल्या परंपरेत प्रार्थना ही प्रचाराआधी उरकायची औपचारिकता कधीच नव्हती. घरात पीठ आहे की नाही हा प्रश्नही तिच्यातच मांडला जाई. या वृत्तीचे मोल पुढच्या इतिहासकारांनी पुरेसे जाणलेले नाही असे वाटते. शाळा, दवाखाने, बंगले यांची नोंद होते. रोज पहाटे गुडघ्यावर बसून घेतलेल्या नावांची होत नाही.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी कामाचे रूपच पालटले. दुसरा तो छप्पन्याचा दुष्काळ. अलायन्स मिशनने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथालये चालवली. आज वऱ्हाडातल्या काही जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा कुलवृत्तान्त एखाद्या अशाच पोरक्या मुलापासून सुरू होतो, त्याच्या मागचे गाव आणि आडनाव हरवलेले असते. जेनी फुलर यांचे ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हे स्त्रियांच्या स्थितीवरील पुस्तक १९०० मध्ये निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्याच वर्षी फुलरबाई वारल्या.

रमाबाईंचे (१८५८–१९२२) केडगाव येथील मुक्ती मिशन वऱ्हाडाबाहेरचे, तरी मराठी ख्रिस्ती प्रार्थनाजीवनाचा विचार त्याला वगळून होत नाही. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी स्त्रियांना बोलावले. संख्या वाढत गेली आणि जूनअखेर तेथे मोठे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले. त्यानंतर तिथल्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. कालपर्यंत जिला कोणी दारात उभे केले नसते अशी बालविधवा किंवा दुष्काळातून उचललेली पोर आपल्या तोंडाने देवाविषयी बोलू लागली, ही घटना मराठी समाजाच्या इतिहासातही मोठी आहे.

साध्या भेटीतून दिलेल्या साक्षीचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आगगाडीतले आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. प्रवाशाने वाद घातला नाही. नव्या कराराची प्रत हाती दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी वचन पाळले, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाने त्यांचे घर मोडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून त्यांनी तो सगळा काळ कुणावरही डूख न धरता सांगितला आहे. साक्षीची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, हे मराठीत इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुठे क्वचितच आले असेल.

टिळकांचे दुसरे ऋण भाषेचे आहे. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी आधीच घातला होता. टिळकांनी अभंग आणि भजन उपासनेच्या मध्यभागी आणले. ‘उपासना संगीत’ हा गीतसंग्रह आजही अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या मंडळ्यांत वापरला जातो आणि त्यातली टिळकांची गीते अनेकांना पुस्तक न उघडता येतात. वऱ्हाडाला तर भजन अंगवळणी पडलेले. गाडगेबाबा कीर्तनातून स्वच्छता शिकवत फिरले ते याच मातीत. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून खंजिरीच्या साथीने सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. संध्याकाळी चार माणसे एकत्र बसून देवाचे नाव घेतात, हे येथे कुणाला परके वाटत नाही. ख्रिस्ती प्रार्थनासभेला शेजारी येऊन बसतात त्याचे एक कारण हेही असावे.

ही घरगुती सभा हाच वऱ्हाडी परंपरेचा कणा आहे. आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी मंडळी जमते. समोरच्या खोलीतली खाट भिंतीशी उभी केली जाते, सतरंजी अंथरतात, चपलांचा ढीग ओट्यावर पडतो. ढोलकी असेल तर ढोलकी, नसेल तर टाळ्या. दोन गीते, शास्त्रवाचन, थोडे विवेचन, आणि मग ‘कोणाची विनंती आहे का’ असे विचारले जाते. सभेचा खरा भाग इथून सुरू होतो. “माह्या पोराले नोकरी नाही भाऊ, प्रार्थना करजा,” असे कोणी म्हणते. सोयाबीनला भाव नाही, सुनेचे दिवस भरत आलेत, नवऱ्याची दारू सुटत नाही, बँकेची नोटीस आली आहे. प्रत्येक विनंती कोणीतरी उचलतो आणि नाव घेऊन प्रार्थना करतो. शेजारच्या हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान घरातून आलेल्या बाईचे नावही त्याच सुरात घेतले जाते. शेवटी चहा होतो. धर्मांतराचा विषयही निघत नाही, पण आपले दुःख कोणी तरी महिनाभर लक्षात ठेवले आणि पुन्हा भेटल्यावर त्याविषयी विचारले, हे त्या बाईला आठवते.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या भागात नुसते विचारपूस करणेही लहान काम नाही. पूर्वी हे काम बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया करीत. त्या माजघरापर्यंत जाऊ शकत, वाचायला शिकवत, बाळंतिणीपाशी बसत. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे कागदावर उरली. हिवाळ्यात पुरुष प्रचारक बैलगाडीत तंबू घालून खेडोपाडी दौरे काढत आणि आठवडी बाजारात उभे राहून बोलत. त्यांचे अहवाल छापले गेले. माणसे जोडली ती बहुधा बायकांनी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रुग्णसेवेची परंपरा वेगळी आणि जुनी आहे. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय, यवतमाळ जिल्ह्यात उमरीचे मिशन हॉस्पिटल, वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ही नावे वऱ्हाडात घरोघरी माहीत आहेत. महारोग्याच्या जखमा धुणारा हात पाहून लोकांनी त्या हाताचा धर्म विचारला. कोरकूंमध्ये काम करणाऱ्या जॉन ड्रेक यांनी त्यांच्या भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्याशी बोलायचे त्यांची भाषा आधी शिकावी, ही वृत्ती त्यामागे दिसते. कॅथलिकांची सेवा मुख्यतः शाळा आणि धर्मग्रामांतून झाली. चिखलदऱ्याजवळचे मरियमपूर हे त्यांचे जुने ठाणे. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. यवतमाळला १९५३ पासून असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. तोपर्यंत देशभरातले पाळक वऱ्हाडाच्या उन्हात तयार होत होते.

आक्षेपही याच भूमीत नोंदले गेले. अकोला, अमरावती तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने १९५४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली आणि १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा ही तिची एक शिफारस होती. ख्रिस्ती संघटनांनी अहवाल एकांगी ठरवून विरोध केला. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी आमिष आणि साक्ष यांत भेद करण्याची जबाबदारी मंडळीची आहेच. धान्य, फी, औषध देताना त्याच्या मोबदल्यात उपस्थिती मागितली तर ती साक्ष उरत नाही. रुग्णाच्या उशाशी प्रार्थना करण्यापूर्वी त्याला ‘करू का?’ असे विचारणे आणि तो नाही म्हणाला तर तेवढ्याच मायेने पाणी देणे, ही शिस्त प्रत्येक मंडळीने स्वतःहून पाळली पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती ०.९६ टक्के आहेत आणि त्यांतले बरेचसे मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यात. वऱ्हाडातली मंडळी त्यामानाने विरळ. नोकरीसाठी मुले पुण्याला जातात, जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतली घरे म्हाताऱ्यांची होत चालली आहेत. दैनंदिन साक्षीचे ठिकाण आता कचेरी, शाळेची स्टाफरूम, एसटीचा प्रवास आणि मोबाइल हे आहे. प्रार्थनाविनंत्या व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरतात आणि परगावी गेलेली मुलेही त्यात सामील होतात. त्यातून नवे प्रश्न उभे राहतात. आजाऱ्याचे नाव गटावर टाकावे की नाही, कोणाच्या घरातले भांडण विनंतीच्या रूपाने चव्हाट्यावर येते का, याचा विचार पाळकांना करावा लागतो. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारावे आणि आजाराचा तपशील न लिहिता नुसते नाव द्यावे, हा त्यावरचा साधा आणि योग्य उपाय आहे.