परक्या विद्यापीठाचे दार

काही वर्षांपूर्वी पवित्र सप्ताहात आमच्या धर्मग्रामातील एका मुलीला अमेरिकेतील चार विद्यापीठांकडून पाठोपाठ चार नकार आले. दहावी-बारावीत ती तालुक्यात अग्रेसर होती. तिचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सर, पोरीचं नेमकं चुकलं कुठं?" त्या वेळी आम्ही त्यांना धीराचे चार शब्द सांगितले, उत्तर मात्र देऊ शकलो नाही. त्यानंतर या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही इतिहासात बरेच मागे गेलो. तेथे जे दिसले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नामांकित विद्यापीठाचे दार केवळ गुणवत्तेच्या किल्लीने उघडते, अशी आपली समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. ऑक्सफर्डचेच उदाहरण घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे नाव नोंदवतानाच विद्यार्थ्याला अँग्लिकन धर्ममंडळाच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. कॅथलिक, यहुदी वा अन्यपंथीय तरुण कितीही बुद्धिमान असला तरी त्याला तेथे स्थान नव्हते. १८५४ च्या कायद्याने ही अट प्रवेशापुरती आणि पहिल्या पदवीपुरती गेली. १८७१ च्या कायद्याने ती वरच्या पदव्या आणि अध्यापनाच्या जागांवरूनही बहुतांशी उठली. परंतु सरकारने दार उघडले तरी आपल्याच धर्माधिकाऱ्यांनी इंग्लंडमधील कॅथलिक तरुणांना ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाण्यास मनाई केली होती, आणि ती १८९५ पर्यंत टिकली. दार बाहेरून बंद असते तसे ते कधी आतूनही बंद असते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परदेशी विद्यार्थ्याची गोष्ट याहून निराळी. आरंभी त्याची संख्या इतकी अल्प होती की त्याला प्रवेश नाकारण्याचा प्रश्न क्वचितच उद्भवे. प्रश्न होता तो तेथवर पोहोचण्याचा. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्याकडे पत्राने साहाय्य मागितले, तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत करू, असा सूर उत्तरात उमटला. जोशी दांपत्याने ती अट मानली नाही. मात्र वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी तो योगायोगाने वाचला आणि कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीसाठी आपले घर उघडले. १८८३ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही दिली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. एका ख्रिस्ती माणसाने अट घातली, दुसऱ्या ख्रिस्ती बाईने ती घातली नाही. आपल्या वाचकांनी या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

दुसरे उदाहरण कॉर्नेलिया सोराबजी यांचे. १८६६ मध्ये नाशिक येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण केली. त्या यशाच्या बळावर विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. परंतु ती स्त्रीसाठी नाही, असे ठरले. तेव्हा इंग्लंडमधील काही सहृदय व्यक्तींनी वर्गणी जमवली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या समरव्हिल येथे पोहोचल्या. १८९२ मध्ये कायद्याच्या वरिष्ठ पदवीची परीक्षा देण्यासाठी त्यांना विद्यापीठाची खास परवानगी काढावी लागली. परीक्षा त्यांनी दिली; पदवी मात्र हाती पडली नाही. ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याचे मान्य केल्यावर, म्हणजे परीक्षेनंतर सुमारे तीन दशकांनी, ती त्यांना मिळाली. याच काळात कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. त्यांच्या असामान्य बुद्धीचा गौरव करावा तेवढा थोडाच. तरीही, या दोघांच्या वाटेवरील धोंडे सारखे नव्हते, हेही तितकेच खरे.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. पुढे लंडनमध्ये त्यांचा अभ्यास चालू असताना शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अर्धवट अभ्यास टाकून परतावे लागले. प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. विद्यापीठाने त्यांना कधी अपात्र ठरवले नव्हते. मधली तीन वर्षे गेली ती केवळ पैशाअभावी.

आता थोडे अमेरिकेकडे वळू, कारण आजच्या नकारपत्रांचे मूळ तेथे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डचा प्रवेश मुख्यतः परीक्षेवर अवलंबून होता. जो उत्तीर्ण होई तो बहुधा आत जाई. परंतु स्थलांतरित यहुदी कुटुंबांतील मुले या परीक्षा उत्तम रीतीने देऊ लागली आणि १९२२ च्या सुमारास तेथील नव्या विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा पाचव्या हिश्शाच्या पुढे गेला. अध्यक्ष लॉवेल यांना हे रुचले नाही. त्यांनी उघड मर्यादा सुचवली. ती फेटाळली गेली. मग १९२६ मध्ये वर्गाची संख्या हजारावर मर्यादित करण्यात आली आणि गुणांच्या जोडीला 'चारित्र्य', व्यक्तिमत्त्व, शिफारसपत्रे, छायाचित्र अशा गोष्टींना वजन देण्यात आले. पुढील वर्षांत यहुदी विद्यार्थ्यांचा वाटा घटला. आज अर्जासोबत मागितले जाणारे निबंध, शिफारसी, मुलाखत आणि अभ्यासेतर उपक्रमांची यादी यांची पाळेमुळे बऱ्याच अंशी त्या काळात रुजलेली आहेत. पुढे या साधनांचा उपयोग अनेक वंचित मुलांना संधी देण्यासाठीही झाला, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. पण 'सर्वांत हुशार तो आत' हा नियम तेव्हाच संपला. त्याच्या जागी आला तो 'आम्हांला कसा वर्ग हवा आहे' हा विचार.

या विचारात परदेशी विद्यार्थ्याचे स्थान कोठे? २०२४ मध्ये हार्वर्डच्या पदवी वर्गासाठी सुमारे ५४,००० अर्ज आले आणि २,००० हून कमी जणांना प्रवेश मिळाला. हे प्रमाण शेकडा चारहूनही कमी आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पदवी वर्गातील परदेशी विद्यार्थी सुमारे दहा टक्क्यांच्या आसपास राखले जातात आणि त्या मोजक्या जागांसाठी सारे जग अर्ज करते. त्यामुळे तेथे परदेशी अर्जदाराची शक्यता स्थानिकापेक्षा बरीच कमी असते. वसईच्या मुलीची तुलना बोस्टनच्या मुलीशी होण्याआधी मुंबई, दिल्ली, बंगळूर येथील तिच्याचसारख्या शेकडो मुलांशी होते. गणित-विज्ञानात उत्तम गुण हे त्या रांगेत वेगळेपण राहत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अर्जदाराला आर्थिक साहाय्य लागेल की नाही, याचा निर्णयावर परिणाम होऊ न देण्याचे धोरण परदेशी विद्यार्थ्यांबाबत फारच थोड्या अमेरिकन संस्था पाळतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि ॲमहर्स्ट ही त्यांतील जुनी नावे. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यांत आली. २०२४ मध्ये नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठानेही तशी घोषणा केली, याचा आम्हांला विशेष आनंद वाटला. इतर बहुतेक ठिकाणी मात्र 'मला साहाय्य हवे' या एका उत्तराने परदेशी मुलाचे पारडे हलके होऊ शकते. इंग्लंडने तर १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण अवलंबिले. तेथे प्रवेश मिळूनही पैशाअभावी पाऊल थबकते. आणि या सर्वांच्या वर राज्यसत्तेचे कुलूप असतेच. मे २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डला परदेशी विद्यार्थी घेण्यास मज्जाव करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. प्रवेश मिळवून तेथे शिकत असलेल्या हजारो मुलांचे भवितव्य त्या काळात एका आदेशावर टांगणीला लागले होते.

असो. त्या पित्याच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ : मुलीचे काही चुकले असेलच असे नाही. जागा मोजक्या होत्या, मोजणी तिच्या हाती नव्हती, आणि ते नकारपत्र म्हणजे तिच्या बुद्धीवरील निकाल नव्हे. कॉर्नेलियाबाईंना नाकारलेली शिष्यवृत्ती हा त्यांच्या बुद्धीवरील निकाल नव्हता, तद्वतच हे. म्हणून अर्ज जरूर करावा; पण ज्या संस्थेत साहाय्याची खरी सोय आहे तेथे करावा, आणि आपल्याच देशातील उत्तम महाविद्यालयाला दुय्यम लेखू नये.

उत्तराचा दुसरा भाग आपल्या समाजासाठी आहे. वर दिलेल्या तिन्ही चरित्रांत निर्णायक क्षणी कोणीतरी दुसऱ्याने पैसा किंवा आधार पुढे केला : रोझेलची एक गृहिणी, इंग्लंडमधील वर्गणीदार, बडोदा-कोल्हापूरचे राजे, एक पारशी मित्र. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला तो १८९२ मध्ये. आपल्या वसईतील कॅथलिकांनी १९१८ मध्ये स्वतःची सहकारी पतपेढी उभी केली, तिची आज मोठी बँक झाली आहे. थोडे थोडे एकत्र करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. लग्नाच्या मांडवावर आपण जे उधळतो त्याचा एक अंश प्रत्येक धर्मग्रामाने शिक्षणनिधीत टाकला, तर पुढील मुलीला अर्जातील त्या प्रश्नापुढे संकोचाने थांबावे लागणार नाही.

ती मुलगी आज मुंबईतच शिकते आहे आणि पुढील पदवीसाठी पुन्हा अर्ज करणार आहे. या खेपेस तिच्या वडिलांनी 'चुकलं कुठं' असे विचारले नाही. 'निधीचं काय झालं' असे विचारले. त्याला उत्तर देणे आता आपणा सर्वांकडे लागते.