मेस्तक आणि उमेदवारी

इंपीरियल गॅझेटियरमध्ये नशिराबादची जी त्रोटक नोंद आहे, तीत काचेच्या बांगड्या हा इथला मुख्य माल असल्याचे म्हटले आहे. अशी कसबे भट्टीपाशी बसून शिकायची असतात. रस कोणत्या रंगावर आला म्हणजे हात घालावा, हे थोरल्याने धाकट्याला दाखवावे लागते. ही नोंद आठवण्याचे कारण मात्र अगदी निराळे आहे. अलीकडेच एका लग्नाच्या पंगतीत माझा एक जुना विद्यार्थी शेजारी बसला होता. मूळचा नशिराबादचा, आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो. काय काम करतोस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, हल्ली मी स्किल लिहितो."

कसब करायचे असते, शिकायचे असते; ते 'लिहितात' हे मला नवीन होते. त्याने मोबाइलवर दाखवलेला मजकूर दीडेक पानाचा, साध्या इंग्रजी गद्यातला होता. नवी आवृत्ती प्रथम एकाच सर्व्हरवर चढवावी. पंधरा मिनिटे चुकांचे प्रमाण पाहावे. ते वाढले तर जुनी आवृत्ती परत आणावी. विदागाराला माणसाच्या परवानगीवाचून हात लावू नये. हे सारे वाचणार कोण, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा 'एजंट'. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'एजंट स्किल्स' ही पद्धत जाहीर केली आणि डिसेंबरात ती सर्वांसाठी खुले मानक म्हणून ठेवली. एका फोल्डरात एक मुख्य मजकूर, सोबत लागतील त्या आज्ञावल्या. एजंट आरंभी प्रत्येक स्किलचे नाव आणि दोन ओळींचे वर्णनच वाचतो. काम निघाले की मग पूर्ण मजकूर उघडतो.

मराठीच्या अभ्यासकाला ही वस्तू अगदीच अनोळखी वाटू नये. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेली 'मेस्तके' याच जातीची. कोणाला कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ-शेवट कसा करावा, याचे नमुने त्यांत बांधून दिलेले. कारकुनाने प्रसंग पाहावा, नमुना काढावा, मजकूर भरावा. परंतु मेस्तक हाताशी आहे म्हणून दप्तर चालले, असे कधी झाले नाही. अष्टप्रधानांतील सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे काम राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे अक्षर शुद्ध करण्याचे होते. मसुदा एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा, मग मोर्तब व्हावे, नोंद होऊन 'बार सूद' चा शेरा पडावा. लिहिणाऱ्याच्या हाती शिक्का नाही, ही त्या व्यवस्थेतली खरी गोम.

संगणकाच्या जगाला ही गोम फार महागात पडून कळली. तिथेही नेमून दिलेली कामे यंत्राकडून करवून घेण्याचा इतिहास बराच जुना आहे. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन केले. मार्क बर्जेस यांचे 'सीएफइंजिन' १९९३ चे. प्रोग्रॅम रचणारे आणि तो चालता ठेवणारे यांच्यातला सोवळेपणा मोडावा म्हणून २००९ च्या ऑक्टोबरात बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक डेबोआ यांनी सभा भरवली, तिच्यापासून 'डेव्हऑप्स' हे नाव रूढ झाले. आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत आठ सर्व्हरांपैकी सातांवरच नवी आवृत्ती चढली. आठव्यावर राहून गेलेला जुना, निरुपयोगी भाग बाजार उघडताच जागा झाला. पाऊण तासात झालेल्या सौद्यांनी सेहेचाळीस कोटी डॉलरांहून अधिक नुकसान केले. पुढे सरकारी चौकशीच्या निकालपत्रात एक बाब नमूद झाली: चढवलेले काम दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासलेच नव्हते आणि तसे तपासावे असा लेखी नियमही कंपनीत नव्हता. सुरनीस नसलेले दप्तर, दुसरे काय?

मग नियम लिहिला म्हणजे भागते काय? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या व्यवस्थेतील एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचे चालू विदागार पुसून टाकले. काही बदलू नकोस, अशी आज्ञा त्याने वारंवार दिलेली होती. कंपनीच्या प्रमुखाने क्षमा मागितली. आणि उपाय कोणता केला, तर प्रयोगाचे विदागार आणि चालू विदागार वेगळे ठेवले. आज्ञा अधिक ठळक अक्षरांत लिहून जे साधले नसते, ते किल्ली काढून घेतल्याने साधले. आमच्या दप्तरखान्यातल्या मंडळींना यात नवल वाटले नसते.

इथवर सारे ठीक. मला अस्वस्थ करते ते पुढचे, आणि त्यासाठी खानदेशातच थोडे मागे जावे लागेल. चाळीसगावजवळच्या पाटणला इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापला, त्याच्या दानाचा हा लेख. अखेरच्या मराठी ओळींत मठासाठी कोणत्या मालावर किती द्यावे याचा तपशील येतो. आमच्या विषयात तो या ओळींसाठी शिकवला जातो, आणि मठ कशासाठी होता हे सांगायचे राहून जाते. 'लीलावती' ११५० ची. गणिताच्या कृती पायरीपायरीने श्लोकांत बांधलेला ग्रंथ, एका अर्थी स्किलच. ग्रंथ उपलब्ध असताना, पन्नाससाठ वर्षांनी, नातवाला मठ काढावासा वाटला. शिकणारा चुकेल, कोणी दुरुस्त करील, मग त्याला येईल, एवढ्यासाठी गावाच्या मालातला वाटा लावून दिलेला.

दप्तरात याच गोष्टीला उमेदवारी म्हणत. पोरसवदा मुलगा वर्षानुवर्षे नकला उतरवी, थोरल्यांची बोलणी खाई आणि त्यातूनच केव्हातरी त्याला अक्षराचे अधिकउणे दिसू लागे. माझ्या विद्यार्थ्याची उमेदवारी रात्रपाळीत झाली. दोन वर्षे सर्व्हरच्या नोंदी वाचत बसणे, पहाटे तीनला फोन आला की उठणे. त्या कंटाळवाण्या कामाबद्दल तो आजही चांगले बोलत नाही. पण त्याच्या स्किलमधले "पंधरा मिनिटे पाहावे" हे कशावरून ठरवलेस, असे विचारल्यावर त्याने मला एका रात्रीची हकिकत सांगितली. दहा मिनिटांनी सारे ठीक दिसले म्हणून तो झोपला होता आणि बाराव्या मिनिटाला सगळे कोसळले होते. ती रात्र मजकुरात कुठेच नाही. मजकुरात फक्त आकडा आहे.

ते काम आता एजंट करतो आणि ते वाईट आहे, असे म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. रात्री तीनला तरुण पोरांनी जागावे यात कसले आले पावित्र्य? माणसाला झोप मिळत असेल तर ती मिळावी. पण नशिराबाद-भुसावळकडून पुण्याला जाणाऱ्या मुलांना पहिली नोकरी मिळायची, तिच्यात हे नकला उतरवण्याचे कामही असे. इंग्रजी अडखळत, पदवी साधारण, तरी रात्रपाळीला माणूस हवा म्हणून दार उघडे.

"तुझ्या हाताखाली नवीन कोण आहे?" मी विचारले.

"यंदा कोणी घेतले नाही, सर. गरज पडली नाही."

त्याच्या मजकुराची शेवटची ओळ अशी होती की, शंका आल्यास थांबावे आणि माणसाला विचारावे. त्याखाली फोन क्रमांक एकच होता, त्याचा.