सेल बसला म्हणजे चालला असं नाही! : जुने फिल्म कॅमेरे आणि रिचार्जेबल बॅटऱ्या

आजच्या भागाची सुरुवात माळ्यावरच्या पेटीतून करूया. पेटीत वडिलांचा नाहीतर काकांचा जुना फिल्म कॅमेरा सापडतो. आपण धूळ झटकतो, रिमोटमधले रिचार्जेबल सेल काढून त्यात बसवतो. सेल नुकतेच चार्ज केलेले, आणि तरी कॅमेरा म्हणतो, ‘बॅटरी संपली’. आता खोटं कोण बोलतंय, सेल की कॅमेरा? खरं सांगायचं तर दोघंही नाही. ते असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे घरोघरी दिसलेला ॲग्फा क्लिक थ्री आठवतो? त्यात सेलच नव्हता. उजेडाचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचा. पुढे सेलेनियमचे लाइट मीटर आले. सेलेनियमवर उजेड पडला की वीज तयार होते, त्यामुळे ऑलिम्पस ट्रिप ३५ सारख्या कॅमेऱ्यालाही सेल लागत नाही. अडचण एकच, कमी उजेडात हे मीटर हात टेकतं.

म्हणून १९६० च्या दशकात कॅडमियम सल्फाइडचं मीटर आलं. ते अंधूक उजेडातही चालायचं, पण स्वतः वीज तयार करत नव्हतं. त्याला सेल हवा, आणि तिथे पाऱ्याचा बटन सेल कामी आला. अमेरिकन संशोधक सॅम्युअल रुबेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी उपकरणांसाठी हा सेल विकसित केला होता. त्याचा मोठा गुण म्हणजे १.३५ व्होल्ट. सेल संपत येईपर्यंत हा आकडा जवळजवळ हलतच नाही.

एवढा भरवशाचा सेल मिळाल्यावर कॅमेरा बनवणाऱ्यांनी काय केलं? व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किटच गाळून टाकलं! १९६६ चा मिनोल्टा एसआर-टी १०१, १९७२ चा ऑलिम्पस ओएम-१, दोघांचीही मीटरं १.३५ व्होल्टवर जुळवलेली. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये मात्र ब्रिज सर्किट होतं, त्यामुळे व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी त्याला फरक पडत नाही. ही दूरदृष्टी सगळ्यांनी दाखवली नाही.

मग पाऱ्याचं खरं रूप जगासमोर आलं. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथाइल पारा गेला, माशांत साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर घाला पडला. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. तो पारा बॅटऱ्यांमधला नव्हता, पण पारा कचऱ्यात टाकायची वस्तू नाही हे जगाला त्यातून शिकावं लागलं. १९९६ मध्ये अमेरिकेने पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर कायद्याने बंदी आणली. २०१३ मध्ये पाऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला नावच मिनामाताचं आहे. भारतानेही तो २०१८ मध्ये स्वीकारला.

बंदी योग्यच होती. पण लाखो धडधाकट कॅमेरे त्यामुळे पोरके झाले. त्या जागी १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घातला तर मीटरचा काटा जास्त हलतो. कॅमेऱ्याला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि निगेटिव्ह फिकी येते. छत्तीस फोटो काढून झाल्यावर, रोल धुतल्यावर हे कळतं. तोवर लग्न लागून गेलेलं असतं! श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा, म्हणजे बराच जवळचा. पण स्टिकर काढला की हवा लागते, आणि वापरा की न वापरा, तो काही आठवड्या-महिन्यांत संपतो. रिचार्जेबल लिथियम बटन सेल मात्र अजिबात नको. त्यांचं व्होल्टेज ३.६ च्या घरात असतं.

आता पेन्सिल सेलवाल्या कॅमेऱ्यांकडे येऊ. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टपासून सुरू होऊन हळूहळू उतरतो. निकेल-कॅडमियम आणि निकेल-मेटल हायड्राइड हे रिचार्जेबल सेल मात्र बराच काळ १.२ च्या आसपास टिकतात. दोन सेलांच्या कॅमेऱ्याला ३ ऐवजी २.४ व्होल्ट मिळतात, आणि त्याच्या हिशोबात २.४ म्हणजे दमलेला अल्कलाइन. सुरुवातीच्या आपल्या कोड्याचं उत्तर हेच. सेल भरलेला आहे, आणि कॅमेराही त्याला शिकवलेलंच बोलतोय.

पण म्हणून रिचार्जेबल वाईट असं समजू नका. एकदम जोराचा प्रवाह मागितला की अल्कलाइनचं व्होल्टेज कोसळतं, निकेलचे सेल तो सहज देतात. फ्लॅश लवकर भरतो, मोटर अडखळत नाही. निकॉनने १९८० च्या एफ३ च्या एमडी-४ मोटर ड्राइव्हसाठी आठ पेन्सिल सेलांची सोय दिली, आणि सोबत स्वतःचा निकेल-कॅडमियम पॅकही विकला. म्हणजे रिचार्जेबल ही काही आजची टूम नाही.

सगळ्यात मोठा धोका आहे लिथियमवाल्या कॅमेऱ्यांना. १९८७ च्या कॅनन ईओएस ६५० मध्ये ६ व्होल्टची २सीआर५ बॅटरी लागते, अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत ३ व्होल्टची सीआर१२३ए. त्याच आकाराचा लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो. दोन जोडले की ८.४! आकार तोच, झाकण नीट बसतं, आणि आतलं सर्किट जळू शकतं. त्याचा सुटा भाग आज कुठून आणणार? लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल ३.२ व्होल्टचे असतात, पण भरल्या भरल्या तेही थोडे वरच जातात. कॅमेरा लाडका असेल तर साधी, एकदाच वापरायची बॅटरी घ्या.

तर मंडळी, लक्षात ठेवायचं एवढंच. फ्लॅश आणि मोटर ड्राइव्हला निकेलचे रिचार्जेबल खुशाल वापरा, पण जोडीला दुसरा संच ठेवा, कारण ते शेवटी अचानक झोपतात. वर्षातून दोनदा निघणाऱ्या कॅमेऱ्याला साधे सेल बरे, पण काम झालं की काढून ठेवा, नाहीतर आत गळतील. आणि मीटरवाल्या जुन्या कॅमेऱ्यात सेल टाकण्याआधी मॅन्युअलमध्ये व्होल्टेज बघा. तो कॅमेरा त्याच्या सेलभोवती बांधलेला आहे.

पुढच्या भागात भेटूच. तोवर माळ्यावर एकदा चढून बघा!