थांबलेल्या धावपटूबद्दल

२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. तिच्यात आपल्याकडचे दोघे होते, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. हल्ली मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते, तेव्हाची ४२.७५ ची होती. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही.

या सगळ्याची सुरुवात पुण्यात झाली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं खडबडीत रस्त्यांवरून अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. चौगुल्यांचं नाव अजून अधूनमधून छापून येतं. दातारांचं आलंच तर 'शर्यत अपूर्ण' एवढ्यापुरतं.

मला मात्र दातारांबद्दल कुतूहल आहे. त्याच्या आठच वर्षं आधी, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, कडक उन्हात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो मॅरेथॉन पळता पळता कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी चोपडली होती आणि त्यामुळे घाम अडला, असं सांगतात. त्या दिवशी जवळजवळ निम्म्या लोकांनी शर्यत सोडली होती. ते सगळे घरी पोचले.

हे आता आठवायचं कारण राधानगरी. शाहू महाराजांनी वसवलेलं हे गाव म्हणजे माझं आजोळ. पहाटे धरणाच्या बाजूला गेलं की भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० पैकी २० गुण १६०० मीटरला असतात. म्हणजे इथे पळणं ही हौस नाही, नोकरी आहे. माझ्या मामेभावाचा मुलगा त्यातलाच. महिनाभर त्याची नडगी एकाच जागी दुखतेय, तरी पळतोय. दुखलं तरी थांबायचं नाही, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय.

गंमत अशी की दम लवकर वाढतो. काही आठवड्यांत छाती साथ द्यायला लागते. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात, आणि उतारावर तर प्रत्येक पावलाला जास्तच दणका बसतो. दम आहे म्हणून पोरगा अंतर वाढवत नेतो आणि हाडाला बारीक चीर पडते. कोल्हापूरच्या तालमीत मेहनतीइतकाच खुराक, मालिश आणि झोपेचा हिशेब असतो. पळणाऱ्या पोराचा हा हिशेब कोण ठेवतो?

पळण्याचे फायदे खोटे नाहीत. ५५ हजारांवर लोकांच्या एका अमेरिकन अभ्यासात (२०१४) रोज ५ ते १० मिनिटं सावकाश पळणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. पण त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावण्यानंतर काही तरुण दगावले. ते तब्येतीसाठी पळत नव्हते. त्यांना थांबणं परवडणारं नव्हतं.

आमच्या पोराला मी दातारांची गोष्ट सांगितली. त्याला फारशी पटली नाही. डॉक्टरकडे मात्र गेला. सध्या पळणं बंद, नुसतं सायकल मारणं चालू आहे. भरतीआधी हाड भरून आलं म्हणजे मिळवली.