डॉक्टरांच्या लेखणीतला किरीटी

इचलकरंजीला लागून असलेल्या आमच्या कबनूरला, मागांच्या खडखडाटात बसून मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत असे. ‘असली पुस्तकं वाचून डोकं बिघडतं,’ असे म्हणून वडील पुस्तक काढून घेत. शहाणी माणसे अशा वाटेला जात नाहीत, अशी त्यांची खात्री होती. त्यांना उत्तर द्यायला तेव्हा मला नीहाररंजन गुप्त माहीत नव्हते.

१९११ साली जन्मलेले गुप्त पेशाने डॉक्टर. शिक्षण कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करात नोकरी केली आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्वचारोगाचा विशेष अभ्यास केला. बंगाली वाचकांचा लाडका गुप्तहेर किरीटी रॉय याच डॉक्टरांनी जन्माला घातला.

शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयलही डॉक्टरच. हा निव्वळ योगायोग नसावा. रोगी अंगावरचा चट्टा झाकतो, गुन्हेगार हातून राहिलेली खूण झाकतो. दोघेही अर्धेच सांगतात. उरलेले पाहणाऱ्याने ओळखायचे.

१९६६ सालचा ‘ममता’ गुप्तांच्याच कथेवरचा. सुचित्रा सेन यांनी त्यात आई आणि मुलगी, दोघींची भूमिका केली. तो पाहताना वडिलांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसलेले मला आठवतात. ही कथा एका रहस्यकथाकाराची, हे त्यांना ठाऊक नव्हते.

गुप्त १९८६ साली गेले. मला हे सारे कळले, तेव्हा वडीलही उरले नव्हते. सांगायचे राहूनच गेले.