स्पॅनिंग ट्री

आलेख सिद्धान्तात, एखाद्या संलग्न आलेखातील सर्व शिरोबिंदूंना जोडणाऱ्या, परंतु एकही चक्र नसलेल्या उप-आलेखाला स्पॅनिंग ट्री (व्यापक वृक्ष) असे म्हणतात. आलेखात 'क्ष' शिरोबिंदू असल्यास त्याच्या प्रत्येक स्पॅनिंग ट्रीमध्ये नेमक्या (क्ष − १) कडा असतात. त्यांपैकी एक कड काढली तर वृक्षाचे दोन तुकडे होतात, आणि आलेखातील आणखी एक कड जोडली तर चक्र निर्माण होते.

गणना

गुस्टाफ किरखॉफ यांच्या विद्युत मंडलांवरील १८४७ मधील कार्यातून स्पॅनिंग ट्रींची संख्या काढण्याची पद्धत विकसित झाली. तीत आलेखाच्या लाप्लास सारणीतील एक ओळ व तिच्याशी संगत स्तंभ वगळून निश्चयक काढतात. प्रत्येक दोन शिरोबिंदू कडेने जोडलेले असल्यास ही संख्या 'क्ष' चा (क्ष − २) वा घात इतकी असते. हे सूत्र आर्थर केली यांच्या नावाने ओळखले जाते.

मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या 'श्रीखंडे आलेखा'त १६ शिरोबिंदू आणि ४८ कडा आहेत. त्याच्या लाप्लास सारणीची शून्येतर आयगेन मूल्ये ४ (सहा वेळा) व ८ (नऊ वेळा) आहेत. त्यांच्या गुणाकाराला १६ ने भागल्यास २ चा ३५ वा घात, म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८ स्पॅनिंग ट्री मिळतात.

किमान स्पॅनिंग ट्री

प्रत्येक कडेला खर्च किंवा अंतर दिलेले असल्यास, ज्या स्पॅनिंग ट्रीची एकूण बेरीज सर्वांत कमी असते तिला किमान स्पॅनिंग ट्री म्हणतात. मोराव्हियातील वीजजाळ्याच्या निमित्ताने ओताकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये तिची पहिली रीत दिली. जोसेफ क्रुस्कल (१९५६) यांच्या रीतीत कडा चढत्या खर्चाने घेतात आणि चक्र निर्माण करणारी कड वगळतात. रॉबर्ट प्रिम (१९५७) यांच्या रीतीत एका शिरोबिंदूपासून वृक्ष वाढवत नेतात. हीच रीत व्होयतेख यार्निक यांनी १९३० मध्ये मांडली होती.

उदाहरण

सांगली जिल्ह्यातील आष्टा, सांगली, मिरज व तासगाव ही चार ठिकाणे केबलने जोडायची आहेत असे मानू. खर्चाचे आकडे कल्पित आहेत: सांगली–मिरज १, आष्टा–सांगली २, आष्टा–मिरज ३, सांगली–तासगाव ४, मिरज–तासगाव ५, आष्टा–तासगाव ६. एकूण १६ स्पॅनिंग ट्री शक्य आहेत. क्रुस्कल यांच्या रीतीने पहिल्या दोन कडा निवडल्या जातात. तिसरी कड चक्र करते, म्हणून ती वगळून चौथी घेतली जाते. किमान खर्च ७ येतो.

मर्यादा

किमान स्पॅनिंग ट्री सर्वांत स्वस्त असली तरी सर्वांत सुरक्षित असतेच असे नाही. वरील रचनेत तिन्ही कडा सांगलीतून जातात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी सांगलीचे केंद्र बंद पडल्यास आष्टा, मिरज आणि तासगाव यांचा परस्परसंपर्क पूर्ण तुटेल. आष्टा–मिरज व मिरज–तासगाव या कडा जोडल्यास खर्च ७ वरून १५ होतो, पण कोणतेही एक केंद्र बंद पडले तरी उरलेली तीन जोडलेली राहतात. म्हणून वीज व दूरसंचार जाळ्यांच्या आखणीत किमान स्पॅनिंग ट्री हा खर्चाचा आरंभबिंदू मानून गरजेनुसार अधिक कडा जोडल्या जातात.