७८ मिनिटं

रविवार, १४ जुलै २०२४, संध्याकाळ. खेड तालुक्यात दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड कोसळली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. रत्नागिरी जिल्ह्यातून जाणारा हा मार्ग एकेरी आहे. एका ठिकाणी रूळ अडला की मागेपुढे सगळं अडतं. पाच दिवसांनी जगभरच्या संगणकांत नेमकं हेच घडलं.

शुक्रवार, १९ जुलै, भारतीय वेळेनुसार पहाटे ३:२६. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचा एक विभाग बंद पडतो. पुढच्या अनर्थाशी याचा संबंध नाही. पण याच्यामुळे दिवसभर भलत्याच ठिकाणी बोट दाखवलं जाणार होतं.

सकाळी ९:३९. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकी कंपनी आपल्या फाल्कन या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवते. तिचा क्रमांक २९१. नवा प्रोग्रॅम नव्हे, फक्त हल्ले कसे ओळखायचे याची ताजी माहिती.

इथे जरा थांबायला हवं. फाल्कनचा एक भाग विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, ड्रायव्हर म्हणून बसतो. लिनक्समधल्या लोड करता येणाऱ्या मॉड्यूलसारखाच. संगणक सुरू होताना तो फार लवकर आत येतो आणि त्याला कर्नेलइतकेच अधिकार मिळतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नेलमधला कोड चुकला तर अख्खा संगणक बंद पडतो. रूटकिट, म्हणजे संगणकात लपून राहणारे प्रोग्रॅम, लिहिणारे चोर याच दारातून शिरतात, म्हणून पहारेकऱ्यालाही तिथेच बसवलं गेलं. ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही होती. पण सही ड्रायव्हरवर होती, तो रोज बाहेरून मागवून वाचत असलेल्या फाइलींवर नव्हे.

चूक पेरली गेली होती फेब्रुवारीतच, फाल्कनच्या ७.११ या आवृत्तीत. तपासणीच्या एका नव्या साच्यात २१ रकाने ठरवलेले, आणि ड्रायव्हरच्या हाती येत होते २०. एकविसाव्यात आतापर्यंत ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्यामुळे तो कधी वाचायची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलीने तो पहिल्यांदा मागितला. ड्रायव्हर नसलेली जागा वाचायला गेला. निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा.

सकाळी १०:५७. कंपनी सदोष फाइल मागे घेते. ७८ मिनिटं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक आडवे झाले. विंडोजच्या एकूण संगणकांत ते एक टक्काही नव्हते. पण ते होते विमानतळांवर, बँकांत, रुग्णालयांत. मला सर्वांत जास्त चीड येते ती एका गोष्टीची: सावध ग्राहकांनी मुद्दाम एक-दोन आवृत्त्या मागे राहण्याचा पर्याय निवडला होता. तो पर्याय ड्रायव्हरला लागू होता, अशा फाइलींना नव्हता. त्यांचेही संगणक कोसळले.

दुपार. मुंबई आणि गोवा, म्हणजे रत्नागिरीकर जिथून विमान पकडतो त्या दोन्ही ठिकाणी, चेक-इनच्या रांगा वाढत जातात. इंडिगो, आकासा, स्पाइसजेट हाताने कामं उरकू लागतात. देशात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास निघतात. इंडिगो सुमारे १९२ उड्डाणं रद्द करते. दोष मायक्रोसॉफ्टला दिला जात असतो.

दुपारी ३:१५. क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ लिहितात की हा सायबर हल्ला नाही, चूक सापडली आहे, दुरुस्ती पाठवली आहे. दुरुस्ती पाठवली हे खरं. पण जो संगणक उभाच राहत नाही तो ती घेणार कशी? माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जायचं, सेफ मोडमध्ये ते सुरू करायचं, फाइल हाताने पुसायची. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी तिची किल्ली शोधायची. अझूरवरचे काही संगणक पंधरा-पंधरा वेळा रीस्टार्ट करावे लागले.

संध्याकाळ. रिझर्व्ह बँक सांगते, दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि फाल्कन वापरणाऱ्या थोड्याच होत्या, म्हणून निभावलं.

शनिवार, पहाटे ३. नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या म्हणण्यानुसार विमानतळांवरच्या यंत्रणा या वेळेपासून पूर्ववत चालू लागल्या. साचलेली गर्दी मात्र हळूहळू ओसरत गेली.

ऑगस्टमध्ये कंपनीने कारणमीमांसा प्रसिद्ध केली आणि अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याचं, त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवू देण्याचं मान्य केलं. हे आधीच व्हायला हवं होतं. ॲपलने २०१९ पासूनच परक्या कोडला कर्नेलबाहेर काढायला सुरुवात केली होती. लिनक्समध्ये संगणक सुरू झाल्यावर नवं मॉड्यूल घेणंच पुढच्या रीस्टार्टपर्यंत बंद करता येतं. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की सुरक्षा-सॉफ्टवेअर कर्नेलबाहेरून चालवण्याची व्यवस्था निवडक कंपन्यांना चाचणीसाठी दिली जाईल. ती सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत विमानतळाच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकात कोणाकोणाचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये बसलेत, आणि ते कोणाला न विचारता बाहेरून काय मागवतात, हे तिथल्या प्रशासनाने कंपन्यांकडून लेखी घ्यावं.